बेराचा ग्राफ सपाट, पण मुलगी हाकेला वळते

पत्राचा आशय: मुलगी वीस महिन्यांची. दिवस भरण्याआधी जन्मली, कावीळ फार वाढली, रक्त बदलावं लागलं, काही आठवडे अतिदक्षता विभागात काढले. घरी सोडताना झालेल्या कानाच्या पहिल्या चाचणीत, म्हणजे ओएईत, ती ‘पास’ झाली. सहाव्या महिन्यात बेरा, म्हणजे आवाजाला नस आणि मेंदूचा बुंधा जे विद्युत उत्तर देतात ते टिपणारी चाचणी, केली तर दोन्ही कानांचा ग्राफ सपाट. वर्षाची झाल्यावर पुन्हा केली, अठराव्या महिन्यात पुन्हा. दर वेळी झोपेचं औषध, दर वेळी सपाट. निदान ऑडिटरी न्यूरोपथी, म्हणजे आवाज कानात पोचतो पण त्याचा संदेश नसेतून नीट पुढे जात नाही असा विकार. एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंच्या श्रवणाच्या नसा व्यवस्थित दिसतात. ध्वनिबंद खोलीतल्या चाचणीत ती एकदा ५५ डेसिबलला वळली, नंतरच्या खेपेला ७० ला. कानाची मशीन मिळाली आहेत, पण ‘ग्राफच नाही तर मशीन कशाला’ म्हणून दिवसाकाठी तासभरच लावली जातात. हाकेला कधी वळते, कधी कानाशी भांडं पडलं तरी वळत नाही. शब्द दोनच, ‘आई’ आणि ‘दे’. डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात तार बसवून नसेला थेट विद्युत ठोके देणाऱ्या उपकरणाचा, विषय काढला आहे. वडील म्हणतात, नसच खराब असेल तर आत वायर घालून काय उपयोग? आधी नस चालते याची खात्री देणारी चाचणी करा, नाहीतर चौथी बेरा दुसरीकडे करून घेऊ. आजी म्हणतात, पोरीला ऐकू येतं, उगाच मागे लागू नका. आईचा प्रश्न असा: ‘नसेची नेमकी कोणती चाचणी केली म्हणजे आम्हाला खरं काय ते कळेल?’

प्रिय ताई,

ग्राफ सपाट आहे हे खरं. ती हाकेला वळते हेही खरं, आणि कधी मोठ्या आवाजालासुद्धा ढिम्म बसते हेही तितकंच खरं. ऑडिटरी न्यूरोपथीत या तिन्ही गोष्टी एकाच मुलात, एकाच दिवशी दिसू शकतात. तुमच्या घरात कोणी डोळेझाक करत नाहीये. प्रत्येकाने एकेक खरी गोष्ट पकडली आहे आणि ती उरलेल्या दोघांच्या गोष्टीला खोटी ठरवते असं मानून वाद चालला आहे.

तुमच्या प्रश्नापाशीच मला आधी थोडं थांबायचं आहे. त्यात असं धरलेलं आहे की नस एकतर चालते किंवा चालत नाही, आणि त्याचा निकाल एखाद्या यंत्राच्या कागदावर छापून येऊ शकतो. तीन बेरा होऊनही निकाल लागलेला नाही, म्हणून आता आणखी मोठी, आणखी नेमकी चाचणी हवी असं वाटणं साहजिक आहे. पण प्रत्येक चाचणी ऐकण्याच्या वाटेवर एका ठरावीक ठिकाणी उभी असते आणि तिथलाच एक प्रश्न विचारते. तो प्रश्न कोणता हे कळलं की हातातले कागद बरंच काही सांगू लागतात.

वाट अशी आहे. आवाज आतल्या कानातल्या शंखासारख्या कॉक्लिआत पोचतो. तिथे केसपेशींच्या दोन जाती असतात. बाहेरच्या रांगांमधल्या साधारण १२,००० पेशी आलेल्या आवाजाला बळ आणि धार देतात. आतल्या एका रांगेतल्या साधारण ३,५०० पेशी त्या कंपनाचा संदेश करून नसेच्या हाती देतात. नसेत सुमारे ३०,००० तंतू असतात; ते संदेश मेंदूच्या बुंध्याशी नेतात आणि तिथून तो टप्प्याटप्प्याने वर श्रवणकेंद्रापर्यंत जातो. ओएई ही चाचणी फक्त बाहेरच्या केसपेशींची विचारपूस करते. तुमच्या मुलीच्या त्या पेशी चांगल्या होत्या, म्हणून ती पास झाली. ‘तेव्हा आम्हाला फसवलं गेलं’ असं तुम्ही लिहिलं आहे आणि तुमचा राग मला समजतो, पण चाचणीने तिच्यापुरतं उत्तर बरोबर दिलं होतं. पुढची वाट तिने पाहिलीच नव्हती. कावीळ फार वाढली की बिलिरुबिन नेमकं त्या पुढच्या वाटेवर, नसेवर आणि मेंदूच्या बुंध्यातल्या श्रवणपेशींवर घाव घालतं. म्हणूनच अमेरिकेतल्या नवजात श्रवणविषयक संयुक्त समितीने २००७ साली स्पष्ट सांगितलं की ज्या बाळांचा अतिदक्षता विभागातला मुक्काम ५ दिवसांहून जास्त झाला, त्यांची पहिली तपासणी केवळ ओएईवर उरकू नये, त्यात बेरासारखी चाचणी असावी. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं बाळ आत्ता अशा विभागातून घरी आलं असेल, तर एवढी एक गोष्ट आजच विचारून घ्या.

आता बेरा. डोक्याला चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमधून नसेची आणि मेंदूच्या बुंध्याची अतिशय क्षीण विद्युत हालचाल टिपतात. कानात ‘टक्’ असा आवाज हजार-दोन हजार वेळा देतात आणि प्रत्येक टक् नंतरच्या साधारण १० मिलिसेकंदांची सरासरी काढतात. लाटांची उंची एका मायक्रोव्होल्टहूनही कमी असते, त्यामुळे सरासरी काढल्याशिवाय त्या दिसणं शक्यच नसतं. सरासरीत टिकून राहायचं तर हजारो तंतूंनी प्रत्येक टक् ला अगदी एकाच क्षणी उत्तर द्यायला हवं. भरलेल्या सभागृहाबाहेर उभं राहून ऐकलं तर सगळ्यांनी एकदम वाजवलेली टाळी कडाडून कानावर येते. तेवढेच लोक आपापल्या वेळी वाजवू लागले की नुसती गजबज उरते. ऑडिटरी न्यूरोपथीत नसेची ही एकवेळ मोडलेली असते. तंतू उत्तर देतात, पण थोडे मागेपुढे देतात, आणि सरासरीत ती उत्तरं एकमेकांना पुसून टाकतात. कागदावर रेघ सपाट येते.

साध्या बहिरेपणात बेरा ज्या आवाजाला सपाट होते त्यावरून मुलाला साधारण किती ऐकू येतं याचा अंदाज बांधता येतो. इथे तो बांधताच येत नाही. अशीच सपाट बेरा असलेल्या एखाद्या मुलाला कुजबुजसुद्धा जाणवते आणि दुसऱ्याला ढोलही नाही. १९९६ साली अर्नॉल्ड स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा रुग्णांच्या तपासण्या मांडून या विकाराला नाव दिलं, तेव्हा त्यांना खटकलेली विसंगती हीच होती: कान जागा आहे, माणूस आवाज ओळखतो आहे आणि बेरा मात्र नाही. पुढे २००८ मध्ये इटलीतल्या कोमो इथे जमलेल्या तज्ज्ञांनी त्या नावाला ‘स्पेक्ट्रम’ हा शब्द जोडला, कारण एकाच निदानाखाली फार वेगवेगळी मुलं होती.

मग चौथी बेरा करावी का? मला विचाराल तर नको. वेळेआधी जन्मलेल्या किंवा कावीळ झालेल्या काही बाळांमध्ये पहिल्या वर्षात, क्वचित दीड वर्षापर्यंत, नस आणि मेंदूचा बुंधा पिकत जाऊन ग्राफ खरोखर उमटतो. त्यासाठीच ही तपासणी काही महिन्यांनी पुन्हा करतात आणि तुम्ही ती योग्य वयात करून घेतलीत. ते वाया गेलेलं नाही. पण अठराव्या महिन्यालाही रेघ सपाट होती. आता दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या यंत्रावर तोच प्रश्न विचारून नवं उत्तर मिळण्याची शक्यता थोडी आहे आणि मुलीला पुन्हा झोपेचं औषध द्यावं लागेल ते वेगळंच. शिवाय ग्राफ आला असता तरी ‘तिला बोलणं किती समजेल’ याचं उत्तर त्यात नसतंच.

एक मात्र जुन्या रिपोर्टांवरून तपासून घ्या. टक् आवाज दोन प्रकारे देता येतो, हवेचा दाब आधी वाढवून किंवा आधी कमी करून. केसपेशींकडून येणारा प्रतिसाद, ज्याला कॉक्लिअर मायक्रोफोनिक म्हणतात, आवाजाचा प्रकार उलटवला की स्वतःही उलटा होतो. नसेच्या लाटा तशा उलटत नाहीत. दोन्ही प्रकार वेगवेगळे नोंदवले तरच हे दिसतं. दोन्ही आलटून पालटून देऊन एकच सरासरी काढली तर मायक्रोफोनिक पुसलं जातं आणि न्यूरोपथीचं मूल सरळ ‘पूर्ण बहिरं’ ठरू शकतं. उलट बाजूची चूकही होते: मायक्रोफोनिकच्या सुरुवातीच्या वळ्यांनाच कोणी बेराच्या लाटा समजतं. तीही दोन्ही प्रकार वेगळे पाहिले की लक्षात येते. शिवाय आवाज आणणारी नळी चिमटीत दाबून एक नोंद घेतात. तेव्हा वळ्या नाहीशा झाल्या तर त्या कानातूनच येत होत्या, यंत्रातून नाही. हे दोन्ही तुमच्या रिपोर्टमध्ये आहे का, एवढं ऑडिओलॉजिस्टना, म्हणजे श्रवणतपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना, विचारा. असेल तर निदानाबद्दल शंका घेत बसू नका. आणखी एक: बऱ्याच मुलांत ओएई चाचणीतला प्रतिसाद काळाच्या ओघात नाहीसा होतो. पुढे कधी ‘आता ओएईपण गेली’ असं कळलं तर घाबरू नका, निदान बदललं असंही समजू नका.

आता ज्या चाचणीला तुमच्या घरात सर्वांत कमी मान आहे तिच्याकडे वळते. ध्वनिबंद खोलीत आवाजाकडे वळल्यावर दिवा लागून खेळणं दिसतं, ती. तिच्यात ना तारा ना ग्राफ, म्हणून ती कमी शास्त्रीय वाटते. पण मुलीला किती मोठा आवाज जाणवतो हे या आजारात फक्त तीच सांगू शकते, कारण तिथे उत्तर नस देत नाही, पूर्ण मूल देतं. सहा महिन्यांच्या आसपासच्या समजेपासून ती करता येते. अडीच-तीन वर्षांचं मूल आवाज आला की ठोकळा टाकायचा खेळ शिकतं आणि मग उत्तरं आणखी पक्की होतात. ५५ आणि ७० मधला फरक पाहून तुम्ही ‘चाचणीच चुकीची’ असं लिहिलं आहे. थोडा फरक वीस महिन्यांच्या मुलाच्या लहरीचा आणि थोडा या आजाराचाच असतो. इथे ऐकणं दिवसागणिक वरखाली होतं. त्यामुळे एका भेटीवर निर्णय घेऊ नका. शक्यतो त्याच ऑडिओलॉजिस्टकडे, मुलगी ताजीतवानी असताना, दोन-तीन भेटींची उत्तरं एकमेकांशेजारी ठेवा. आजवरच्या कागदांवरून दिसतं ते असं: तिला मध्यम ते बऱ्यापैकी मोठे आवाज जाणवतात. सासूबाई चुकत नाहीयेत.

फक्त जाणवणं आणि उमजणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर हाच या आजाराचा गाभा आहे. बोलणं समजायला आवाजातले अतिशय सूक्ष्म वेळांचे फरक पकडावे लागतात: ‘प’ कुठे संपला, ‘ब’ कुठे सुरू झाला. नसेची वेळ बिघडलेली असेल तर आवाज पोचतो पण विरघळलेला पोचतो. शांत घरात, समोरासमोर, ओळखीच्या स्वरात तिला तुमची हाक कळते. टीव्ही सुरू असेल, चार माणसं बोलत असतील तर तीच हाक तिच्यापर्यंत येऊन हरवते. कानाशी भांडं पडूनही ती वळली नाही त्या वेळी घरात दुसरा कसला आवाज चालू होता का, हे आठवून पाहा. ‘ऐकू येतं, म्हणून काही करायला नको’ हे सासूबाईंचं दुसरं वाक्य इथे निसटतं. वीस महिन्यांना दोन शब्द आहेत, आणि या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा कागद मी त्यालाच मानते.

जाणवणं आणि उमजणं यांच्या मधल्या जागेवर प्रकाश टाकणारी एक चाचणी उपलब्ध असेल तर जरूर करून घ्या. मूल जागं असताना, आवाज बंद करून चित्रफीत पाहत मांडीवर बसलेलं असताना, स्पीकरमधून बोलण्यातले छोटे ध्वनी देऊन मेंदूच्या वरच्या श्रवणकेंद्राचा प्रतिसाद टिपतात. तिला कॉर्टिकल चाचणी म्हणतात. हा प्रतिसाद संथ असतो, लहान मुलांत आवाजानंतर शंभर ते तीनशे मिलिसेकंदांच्या दरम्यान येतो, त्यामुळे त्याला बेराइतकी काटेकोर एकवेळ लागत नाही. बेरा सपाट असलेल्या मुलातही तो येऊ शकतो. मेलबर्नमध्ये गॅरी रान्स आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या कामात न्यूरोपथी असलेल्या साधारण निम्म्या मुलांना मशीन लावून बोलणं समजत होतं, आणि कॉर्टिकल प्रतिसाद मिळत होता तो याच मुलांमध्ये. ही चाचणी मशीन घालूनही करता येते आणि झोपेचं औषध लागत नाही. उलट झोप लागली तर ती बिघडते. तीसुद्धा अंतिम निकाल नाही, पण तुमच्या घरातल्या वादाला चौथ्या बेरापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडेल.

आता तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नाकडे. तो मला मनापासून योग्य वाटतो: नस खराब तर वायर कशाला? उत्तर बिघाड कुठे आहे यावर ठरतं. आतल्या केसपेशीत किंवा ती संदेश नसेला देते त्या सांध्यात बिघाड असेल तर इम्प्लांट तो टप्पाच ओलांडून थेट नसेला जागं करतो आणि अशी मुलं सहसा छान ऐकू लागतात. बिघाड नसेच्या तंतूंत असेल तरी इम्प्लांटचा विद्युत ठोका एका वेळी अनेक तंतूंना एकदम उठवतो. आवाजाने जी एकवेळ साधत नव्हती ती ठोक्याने पुष्कळदा साधते. २००१ मध्ये मेयो क्लिनिकच्या जॉन शॅलप आणि सहकाऱ्यांनी न्यूरोपथी असलेल्या पाच मुलांची हकिकत मांडली. बेरा नसलेल्या या मुलांमध्ये इम्प्लांटनंतर नसेचे विद्युत प्रतिसाद स्पष्ट मिळाले आणि ती ऐकायलाही शिकली. त्याआधी बरेच जण तुमच्या मिस्टरांसारखाच विचार करून अशा मुलांना इम्प्लांट नाकारत. नसच नसेल किंवा धाग्याएवढी बारीक असेल, तर मात्र त्यांची शंका खरी ठरते, लाभ फार तोकडा राहतो. म्हणून तुमच्या सगळ्या कागदांत एमआरआय वजनदार आहे, आणि तो चांगला आहे. कावीळीचा घाव नसेच्या पुढेही पोचलेला असू शकतो, त्यामुळे इम्प्लांटचा लाभ मुलागणिक वेगळा असतो. हे मी लपवणार नाही.

ऑपरेशनआधी विद्युत ठोका देऊन नस तपासता येते. मुलाला पूर्ण भूल देऊन कानाच्या पडद्यातून बारीक सुई आतल्या कानाच्या भिंतीला टेकवतात, ठोके देतात आणि बेरासारखीच नोंद घेतात. मिस्टर म्हणतात ती ‘खात्रीची चाचणी’ बहुधा हीच. प्रतिसाद आला तर दिलासा मोठा असतो. नाही आला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही: सुई नसेपासून दूर होती, ठोक्याच्या गोंगाटात लाट बुडाली, शेजारच्या चेहऱ्याच्या नसेने स्नायू हलवले, अशी अनेक कारणं असतात. एमआरआयमध्ये नस बारीक किंवा संशयास्पद दिसत असेल तर ही चाचणी करण्यात अर्थ आहे. तुमच्यासारख्या, नस नीट दिसणाऱ्या मुलीत तिला दाराची कडी बनवू नये असं माझं मत आहे. तरी शस्त्रक्रिया करणाऱ्यांना तिची गरज वाटली तर ती का, हे त्यांना विचारा आणि ऐका.

दुसरी चाचणी आहे एनआरटी. वेगवेगळ्या इम्प्लांट कंपन्या तिला एनआरआय किंवा एआरटी म्हणतात; मूळ गोष्ट एकच. कॉक्लिआत बसवलेल्या एका इलेक्ट्रोडने ठोका द्यायचा आणि शेजारच्या इलेक्ट्रोडने नसेचं उत्तर ऐकायचं. ते उत्तर मिलिसेकंदाच्या अंशात येतं, आणि नस अगदी जवळ असल्यामुळे बेरापेक्षा पुष्कळ मोठं मिळतं. आयोवातल्या कॅरोलिन ब्राउन आणि पॉल ॲबस यांनी इम्प्लांट लावलेल्या माणसांतली अशी मोजमापं १९९० मध्ये मांडली आणि आज ती इम्प्लांटमध्येच बसवलेली सोय आहे. ऑपरेशनच्या टेबलावर करतात, नंतर मूल जागेपणी खेळत असतानाही करता येते. मिस्टरांना एक गोष्ट शांतपणे सांगा: ही चाचणी इम्प्लांट आत गेल्यावरच होते. ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवण्यासाठी ती मिळूच शकत नाही.

तिचा अर्थही नीट समजून ठेवा, कारण इम्प्लांट झालेल्या मुलांच्या पालकांची अशीच घालमेल माझ्यापर्यंत येते. बहुतेक इलेक्ट्रोडवर उत्तर आलं, म्हणजे नसेचे जवळचे तंतू ठोक्याला एकदम दाद देत आहेत. मुलगी बोलायला लागेलच, असं त्यातून निघत नाही. ही वाटेच्या पहिल्या टप्प्याची बातमी आहे. काही इलेक्ट्रोडवर उत्तर आलं नाही तर ऑपरेशन फुकट गेलं असंही नाही. साध्या बहिरेपणातल्या काही मुलांतही टेबलावर उत्तर मिळत नाही, काही महिन्यांनी तेच मिळू लागतं, आणि उत्तर न मिळालेली मुलंही इम्प्लांटचा कानाबाहेरचा भाग, म्हणजे प्रोसेसर, सुरू केल्यावर आवाजाला दाद देतात. न्यूरोपथीच्या मुलांत ऑडिओलॉजिस्ट कधी दोन ठोके पाठोपाठ देऊन दुसऱ्याला नस किती उत्तर देते, म्हणजे किती लवकर सावरते, हेही पाहतात. या आकड्यांचा खरा उपयोग मॅपिंगची, म्हणजे इम्प्लांटचे ठोके त्या मुलापुरते बेतण्याची, सुरुवात कुठून करायची हे ठरवायला होतो, आणि तिथेही शेवटचा शब्द मुलाच्या वागण्याचा असतो. ऑपरेशनमध्ये मेंदूच्या बुंध्याचा विद्युत प्रतिसादही घेता येतो. सिडनीच्या विल्यम गिब्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की तो नीट आलेल्या न्यूरोपथीच्या मुलांची प्रगती, तो बिघडलेला आलेल्या मुलांपेक्षा चांगली झाली. म्हणजे या चाचण्या निरुपयोगी नाहीत. त्या ऑपरेशननंतरचा रस्ता दाखवतात. ऑपरेशनआधीची खात्री त्यांच्याकडे मागू नका.

मग आत्ता करायचं काय? मशीन. दिवसातून तासभर मशीन लावून ‘उपयोग होत नाही’ असं कोणालाच म्हणता येणार नाही, ना तुम्हाला ना डॉक्टरांना. तिची मशीन बेरावरून नाही, खोलीतल्या चाचणीच्या आकड्यांवरून लावली आहेत ना, आणि कानात प्रत्यक्ष किती आवाज पोचतो हे मोजलं आहे ना, हे विचारून घ्या. मोठ्या आवाजाने चांगल्या केसपेशी बिघडतील ही भीती तुम्ही लिहिली आहे. बेताने मोजून लावलेलं मशीन आणि नियमित तपासणी हाच तिच्यावरचा उपाय आहे. मग जागेपणीचा जास्तीत जास्त वेळ मशीन कानात हवीत. रोज एकदा तिच्या मागे, ओठ दिसणार नाहीत असे बसून ‘आ’, ‘ऊ’, ‘ई’, ‘म’, ‘श’, ‘स’ हे सहा आवाज सारख्या स्वरात काढा आणि कशाला ती थबकते किंवा वळते ते वहीत लिहा. शेजारी घरात शांतता होती की गोंगाट, तिला ताप किंवा सर्दी होती का, हेही लिहा. ही वही पुढच्या भेटीला सोबत न्या. ऑडिओलॉजिस्टना ती एका रिपोर्टइतकीच मोलाची वाटेल. तिच्याशी बोलताना टीव्ही बंद ठेवा, जवळ बसा. तुमच्या गळ्यातल्या छोट्या मायक्रोफोनवरून आवाज थेट तिच्या मशीनमध्ये पाठवणारं साधनही मिळतं, आणि या आजारात त्याचा विशेष फायदा होतो.

आणि भाषा. ती कुठल्याच चाचणीसाठी थांबू नये. वस्तू दाखवत, हातवारे करत, खुणांच्या भाषेतले शब्द वापरत तिच्याशी बोला. खुणा शिकवल्या तर मूल बोलायचं सोडून देईल ही समजूत मी फार ठिकाणी ऐकते आणि दर वेळी मला वाईट वाटतं, कारण तिच्यापायी मुलांचे महिने शब्दांविना जातात. हाताने ‘पाणी’ मागू शकणाऱ्या मुलीला शब्द म्हणजे काय ते कळलेलं असतं. पुढे कान साथ देऊ लागला की तिला एवढंच शिकायचं उरतं की त्याच गोष्टीला आवाजही असतो. स्पीच थेरपी आजच सुरू करा.

मशीन अशी पूर्ण वेळ लावून तीन-चार महिने गेले, खोलीत आवाज जाणवत राहिले आणि तरीही शब्द, समज, आवाजाचं कुतूहल पुढे सरकलं नाही, तर इम्प्लांटचा निर्णय बेराचा ग्राफ येण्याची वाट पाहत लांबवू नका. अनु शर्मा यांच्या २००२ च्या कामात जन्मापासून ऐकू न येणाऱ्या ज्या मुलांना साधारण साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट मिळाला, त्यांचं श्रवणकेंद्र वयाप्रमाणे घडत गेलं. सात वर्षांनंतर मिळालेल्या बहुतेकांचं तसं घडलं नाही. तुमच्याकडे वेळ आहे, पण मोकळा सोडायला नाही. उलट शब्द वाढू लागले, कॉर्टिकल प्रतिसाद मशीनसह चांगला आला, तर घाई करण्याचं कारण उरत नाही. मशीनवर चालू ठेवा आणि दर काही महिन्यांनी पाहत राहा.

हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी थोडं. बाळ वेळेवर, सुखरूप जन्मलं असेल आणि तरीही हे निदान आलं असेल तर जनुक तपासणी विचारा. ओटोफ जनुकातला दोष असेल तर बिघाड केसपेशी आणि नसेच्या सांध्यावर असतो, म्हणून इम्प्लांट सहसा चांगला लागू पडतो. त्याच दोषावर शांघायमध्ये दिलेल्या जनुक उपचारानंतर बहुतेक मुलांना ऐकू येऊ लागल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. ताप आला की ऐकू येणं बंद होतं आणि ताप उतरला की परत येतं, असं काही मुलांत दिसतं; तसं वाटलं तर तापात काढलेला छोटा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा. निदान एकाच कानाचं असेल तर एमआरआय टाळू नका, कारण तिथे नसच बारीक किंवा गैरहजर असण्याची शक्यता जास्त. काविळीनंतर मान धरणं, बसणं, चालणं मागे पडत असेल तर बालमेंदूतज्ज्ञांनाही भेटा. आणि बाळ दोन-तीन महिन्यांचंच असेल तर पहिल्याच सपाट बेरावर मोठा निर्णय घेऊ नका. बेरा पुन्हा होऊ दे, तोवर बाळाशी बोलत, गात, दाखवत राहा.

ताई, पुढच्या भेटीला तुम्ही दोघंही जा, आणि जमलं तर खोलीतल्या चाचणीच्या वेळी मिस्टरांनाच मुलीला मांडीवर घेऊन बसू द्या. आवाज कधी आला आणि ती कधी वळली हे तिथे त्यांना स्वतःला दिसेल. मुलीला त्यांच्याकडून इशारा मिळू नये म्हणून स्थिर बसायचं आणि आवाजाकडे आपण वळायचं नाही, एवढं त्यांना आधी सांगून ठेवा. निघताना चारही गोष्टी कागदावर लिहून मागा: बेरात दोन्ही प्रकारच्या आवाजांची नोंद आहे का, मशीन कोणत्या आकड्यांवर लावली, कॉर्टिकल चाचणी कुठे होईल, आणि इम्प्लांटबद्दल पुन्हा बसून बोलण्याची तारीख कोणती.